इंग्लंडमधली जीपी सर्जरी: नाव नोंदवण्यापासून औषध हातात पडेपर्यंत

नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंडला आलेली मराठी मंडळी पहिल्या पंधरवड्यात घर, बँकेचं खातं, मुलांची शाळा आणि कोथिंबीर कुठे मिळते हे सगळं शोधून काढतात. डॉक्टर मात्र राहून जातो. तो आठवतो मूल तापलं की. मग कळतं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो, बाकावर बसलो, नंबर आला की आत, असं इथे नाही. आधी नाव नोंदलेलं हवं, मग वेळ घेतलेली हवी, आणि एवढं करून डॉक्टर म्हणतो, "पॅरासिटमॉल घ्या, पाणी प्या." माणूस चिडतो आणि पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो.

ही चिडचिड बरीचशी टळते. त्यासाठी इथला दवाखाना, म्हणजे जीपीची (फॅमिली डॉक्टरची) सर्जरी, कशावर चालते ते एकदा समजून घ्यावं लागतं. पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत.

आधी पैशाचं गणित

आपल्याकडे डॉक्टर तपासतो, गोळ्या देतो, आपण फी देतो. पुन्हा गेलो की पुन्हा फी. जीपीला बहुतांशी भेटीमागे काही मिळत नाही. तुमचं नाव त्याच्या यादीत आहे म्हणून सरकारकडून सर्जरीला ठरावीक रक्कम मिळते. ती माणशी वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे पाउंडांच्या घरात असते आणि वय, आजारपण यांप्रमाणे कमीजास्त होते. तुम्ही वर्षात एकदा जा नाहीतर दहादा, ही रक्कम तीच. त्यामुळे इंजेक्शन टोचून, सलाईन लावून किंवा "उद्या परत दाखवा" म्हणून त्याचा काही फायदा नाही. उलट ज्याला खरंच गरज नाही त्याला प्रेमाने घरी पाठवणं हे त्याच्या कामात मोडतं.

ही पद्धत जुनी आहे. १९११ साली तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विमा कायदा आणला आणि १९१३ पासून कमी पगाराच्या कामगारांना 'पॅनेल'वरच्या, म्हणजे विमा योजनेच्या यादीतल्या, डॉक्टरकडे फुकट जाता येऊ लागलं. कामगाराची बायको आणि मुलं मात्र त्यात नव्हती, त्यांनी पदरचे पैसे द्यायचे. तेव्हा प्रत्येकाची नोंद ठेवायला जे बदामी पाकीट आलं ते 'लॉइड जॉर्ज पाकीट' म्हणून पुढे शंभरहून अधिक वर्षं वापरात राहिलं. जुन्या सर्जरींतून अशी हजारो पाकिटं अलीकडे स्कॅन होऊन कपाटांबाहेर पडली.

५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा, सुरू झाली आणि बायकामुलांसकट सगळे यादीत आले. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेवन यांना डॉक्टरांच्या संघटनेशी बरंच झगडावं लागलं. शेवटी तडजोड झाली: जीपी सरकारी नोकर होणार नाही, सरकारशी करार करून आपली सर्जरी आपणच चालवेल. पण चालता दवाखाना गिऱ्हाइकांसकट विकायची जी रीत होती ती बंद झाली, आणि डॉक्टरांना भरपाई म्हणून ६ कोटी ६० लाख पाउंड बाजूला ठेवले गेले. ही रचना आजही टिकून आहे. तुमची सर्जरी एनएचएसची असली तरी ती बहुधा काही डॉक्टरांच्या भागीदारीची असते. म्हणूनच शेजारच्या गल्लीतल्या सर्जरीत फोन लगेच लागतो आणि तुमच्या सर्जरीत लागत नाही.

सुरुवातीच्या काळात बऱ्याच सर्जरी डॉक्टरच्या घरातल्या पुढच्या खोलीत असत आणि फोन त्याची बायको घेई. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या दवाखान्यांची अवस्था इतकी उघडी पाडली की खळबळ उडाली. १९६६ च्या नव्या कराराने कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा वाटा आणि जागेचं भाडं सरकार देऊ लागलं, तेव्हा कुठे नर्स, रिसेप्शनिस्ट, चार-पाच डॉक्टर एकत्र अशी आजची सर्जरी आकाराला आली.

यात आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. एनएचएसच्याही आधी, १९३८ मध्ये, लंडनच्या फिन्सबरी भागात एका छपराखाली अनेक सेवा देणारं आरोग्य केंद्र उभं राहिलं. त्यामागे चुनीलाल कटियाल हे मूळचे पंजाबचे डॉक्टर होते. ते पुढे तिथले महापौरही झाले. (१९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती याच कटियालांच्या कॅनिंग टाउनमधल्या घरी.) पन्नाशी-साठीच्या दशकांनंतर भारतातून आलेल्या डॉक्टरांना मोठ्या इस्पितळांतल्या मानाच्या जागा सहज मिळत नसत. त्यातले अनेकजण जीपी झाले, तेही वेल्समधल्या कोळसाखाणींच्या खोऱ्यांत आणि उत्तरेकडच्या गिरणगावांत, जिथे इंग्रज डॉक्टर जायला तयार नसत. कित्येक खाणकामगारांच्या तीन पिढ्या एकाच भारतीय डॉक्टरने पाहिल्या.

नाव घालणं

हे काम घराची किल्ली मिळाली त्या आठवड्यात करा. एनएचएसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जरी दिसतात. प्रत्येकीची हद्द ठरलेली असते. हद्दीबाहेरच्यांना घ्यायची मुभा २०१५ पासून आहे, पण सक्ती नाही. निवडताना केअर क्वालिटी कमिशनचा शेरा बघा. ही संस्था सर्जरींची तपासणी करून चार श्रेणींपैकी एक देते. मी मात्र त्याहून जास्त वजन दोन गोष्टींना देईन: तापलेलं मूल बाबागाडीत घालून तिथवर चालत जाता येतं का, आणि वेळ ऑनलाइन मागता येते का.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, नाहीतर रिसेप्शनवर जीएमएस१ नावाचा कागदी फॉर्म मिळतो. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा. पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा हे असलं तर सोयीचं, पण ते नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. एनएचएसचा नियमच तसा आहे. रिसेप्शनवर "विजेचं बिल आणा" म्हणाले तर वाद न घालता हे शांतपणे सांगा. तरीही नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. ते १४ दिवसांत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

व्हिसाच्या वेळी तुम्ही आरोग्य अधिभार भरलेला असतो. २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पाउंड आणि विद्यार्थ्यांना व मुलांना ७७६ पाउंड आहे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावाल्यांना तो माफ आहे. जीपीचा सल्ला तसाही सगळ्यांना मोफतच असतो. या अधिभाराने दार उघडतं ते इस्पितळाचं.

नोंदणी झाली की दहा आकडी एनएचएस क्रमांक मिळतो. लगेच एनएचएस ॲप घ्या आणि पासपोर्टने ओळख पटवून ठेवा. पुढे नेहमीच्या गोळ्या मागवणं, रिपोर्ट पाहणं, निरोप वाचणं सगळं तिथेच होतं.

भारतातून काय आणावं

एक्स-रेची जाडजूड पिशवी नको. एका पानावर टाइप केलेला गोषवारा आणा: कोणता आजार, कोणत्या साली निघाला, कोणतं ऑपरेशन झालं, कशाची ॲलर्जी आहे, आणि आज चालू असलेल्या गोळ्या. गोळ्यांचं नाव कंपनीचं नको, पाकिटावर बारीक अक्षरांत असतं ते मूळ औषधाचं हवं, मिलिग्रॅमसकट. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत मिसळलेली सर्रास मिळतात. तशी जोडगोळी इथे बहुधा नसते, तेव्हा डॉक्टर ती सुटी करून देईल किंवा एखादं औषध बदलेल. त्याने घाबरून जाऊ नका, पण का बदललं ते विचारा.

रिपोर्टांच्या मापांमुळे फार गोंधळ होतो. इथे साखर मिलिमोलमध्ये सांगतात. तिला १८ ने गुणलं की आपले मिलिग्रॅम येतात, म्हणजे उपाशीपोटी ७ म्हणजे आपले १२६. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, एचबीए१सीचा, आकडाही वेगळा: इथले ४८ म्हणजे आपले ६.५ टक्के, आणि ५३ म्हणजे ७ टक्के. कोलेस्टेरॉलला साधारण ३९ ने गुणायचं. रिसेप्शनवरून "तुमची साखर ४८" असं ऐकून एखादा हादरतो किंवा उगाच निर्धास्त होतो, म्हणून हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवण्याजोगे आहेत. वजनाचंही तसंच. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी इथली मार्गदर्शक तत्त्वं बीएमआयची (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची) रेघ खाली ओढतात: २३ पासून धोका वाढलेला धरतात आणि २७.५ पासून जास्त. गोऱ्या सहकाऱ्याला चालतो तो आकडा तुम्हाला चालेलच असं नाही.

वेळ मागणं

सर्जरी सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० चालू असते. परिसरातल्या सर्जरी मिळून संध्याकाळच्या आणि शनिवारच्या काही वेळाही ठेवतात, त्या विचारून घ्या. सकाळी आठच्या ठोक्याला फोनची झुंबड उडते. ऑक्टोबर २०२५ पासून तातडीची नसलेली अडचण मांडण्यासाठी ऑनलाइन फॉर्म या पूर्ण वेळेत चालू ठेवणं सर्जरींना बंधनकारक झालंय. तो वापरा. फॉर्म नीट भरण्यात निम्मं काम होतं. "बरं वाटत नाही" असं लिहिलं तर आठवड्यानंतरची वेळ मिळेल. काय होतंय, शरीराच्या नेमक्या कुठल्या जागी, कधीपासून, वाढतंय का, काय घेऊन पाहिलं आणि तुम्हाला कशाची भीती वाटतेय, हे लिहा. पित्त, वात, उष्णता यांवर इथे कुणाला काही कळणार नाही. जेवणानंतर छातीत जळजळतं आणि आंबट पाणी घशाशी येतं, असं सांगा.

रिसेप्शनिस्टने "कशासाठी हवाय डॉक्टर?" विचारलं की आपल्याला ती चौकशी वाटते. कुणाकडे पाठवायचं हे ठरवण्याचं शिक्षण तिला दिलेलं असतं. खाजगी बाब असेल तर "खाजगी आहे" एवढं पुरतं.

भेट साधारण दहा मिनिटांची. दोन-तीन तक्रारी असतील तर आत गेल्या गेल्या सांगा, म्हणजे कुठली आधी घ्यायची ते डॉक्टर ठरवेल. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाराशी उठताना "आणि हो..." म्हणून काढण्याची आपली सवय इथे महागात पडते. बाई डॉक्टर हवी असेल तर वेळ घेतानाच सांगा. तपासणीच्या वेळी खोलीत तिसरी व्यक्ती हवी असेल तर तीही मागता येते. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा फुकट मिळतो, मराठीसाठीही मागून बघा. आईच्या पाळीच्या तक्रारी बारा वर्षांच्या मुलाकडून भाषांतरित करून घेणं हा प्रकार मी पाहिलेला आहे, तो कृपा करून टाळा.

त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा जावं लागलं तर तसं स्पष्ट सांगा. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये 'जेसचा नियम' आहे: तीनदा येऊनही निदान होत नसेल किंवा त्रास वाढत असेल तर डॉक्टरने नव्याने विचार करावा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

डॉक्टरच कशाला?

सर्जरीत आता जीपीशिवाय नर्स, औषधतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असे बरेचजण असतात. पाठ धरली तर थेट फिजिओ, गोळ्यांबद्दल शंका असेल तर औषधतज्ज्ञ, आणि ड्रेसिंग, लस, पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाची तपासणी) नर्सकडे. "मला डॉक्टरच हवा" असा हट्ट धरून दोन आठवडे थांबण्यात शहाणपण नाही.

त्याहून सोपी जागा म्हणजे कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान. जानेवारी २०२४ पासून तिथला फार्मासिस्ट सात दुखण्यांवर डॉक्टरच्या चिठ्ठीविना औषध देऊ शकतो, लागलं तर अँटिबायोटिकही: घसादुखी, सायनस, मुलांची कानदुखी, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि १६ ते ६४ वयाच्या बायकांची लघवीची जळजळ. वयाच्या आणि लक्षणांच्या अटी आहेत, त्या तो तपासतो. साध्या सर्दीतापाला अँटिबायोटिक ना तो देईल, ना जीपी.

रात्री-अपरात्री १११ या एनएचएसच्या मदत क्रमांकाला फोन करा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास न घेता येणं असं काही असेल तर ९९९ ला फोन करून अँब्युलन्स बोलवा, तेव्हा सर्जरीची वाट पाहायची नाही. दात आणि चष्मा हे जीपीच्या कक्षेत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळीकडे जावं लागतं.

औषध आणि त्याचे पैसे

चिठ्ठी सहसा कागदावर मिळत नाही. तुम्ही निवडलेल्या दुकानात ती संगणकावरून जाते. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे पैसे पडतात, २०२५ मध्ये हा दर ९.९० पाउंड होता. पाकीट महिन्याचं असो की दोन महिन्यांचं, दर तोच. (१९४८ मध्ये औषध फुकट होतं. १९५२ मध्ये शुल्क आलं, १९६५ मध्ये गेलं आणि १९६८ मध्ये परत आलं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने ते नंतर रद्द केलं.)

पण कुणाला माफ आहे ते आधी बघा, कारण आपल्यातले बरेचजण उगाच पैसे भरत राहतात. १६ खालची मुलं, ६० आणि त्यापुढचे, गर्भवती आणि बाळंतपणानंतर वर्षभर आई यांना माफ. मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, किंवा थायरॉइड कमी असल्याने रोज हार्मोनची गोळी लागत असेल, तरीही माफ. तेही फक्त त्या गोळीला नाही, सगळ्याच औषधांना. आपल्या घरांत या दोन दुखण्यांची काय उणीव! त्यासाठी सर्जरीतून एफपी९२ए हा अर्ज मागून माफीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते साधारण पाच वर्षं चालतं. प्रमाणपत्र हातात नसताना औषध घेताना माफी आहे असं सांगितलं तर दंड होऊ शकतो. माफीत बसत नसाल आणि महिन्याला दोन-तीन औषधं लागत असतील तर वर्षभराचं आगाऊ प्रमाणपत्र स्वस्त पडतं.

तज्ज्ञाकडे जायचं असेल तर

हाडांचा, हृदयाचा, त्वचेचा डॉक्टर एनएचएसमध्ये सहसा थेट गाठता येत नाही. जीपीने पत्र द्यावं लागतं. कोणत्या इस्पितळात जायचं ते निवडायचा हक्क बहुतेक वेळा तुम्हाला असतो, पण कुणी आपणहून सांगेल असं नाही. थांबण्याचा दंडक १८ आठवड्यांचा आहे. प्रत्यक्षात अनेकदा त्याहून जास्त जातात, म्हणून जवळचं इस्पितळ न धरता कमी रांगेचं विचारा. पत्राची प्रत ॲपमध्ये आली का ते पाहा आणि महिन्याभरात काही कळलं नाही तर सर्जरीला फोन करा. पत्रं हरवतात. कर्करोगाची शंका असेल तर वेगळी तातडीची वाट आहे, तिथे वेळेची मुदत कमी असते.

मानसिक त्रासासाठी समुपदेशन आणि गरोदरपणात मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) या दोन्हींसाठी मात्र जीपीची गरज नाही. स्वतःच नाव देता येतं. दिवस गेल्याचं कळलं की लगेच मिडवाइफकडे नोंदणी करा, पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो.

मुलांच्या लशी आणि मोठ्यांच्या तपासण्या

भारतातलं लसीकरणाचं कार्ड नोंदणीच्याच दिवशी द्या. पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवराचा डोस इथे मोजत नाहीत, आणि आपल्या सरकारी लशीत गालगुंड नसतो. त्यामुळे एखादा डोस पुन्हा घ्यावा लागेल. त्याने अपाय होत नाही. बीसीजी इथे सरसकट सगळ्या बाळांना देत नाहीत, पण आई-बाप किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असतील तर बाळ त्या यादीत बसतं. बोलावणं आलं नाही तर आपण विचारायचं.

४० ते ७४ वयात दर पाच वर्षांनी आरोग्य तपासणीचं पत्र येतं. बायकांना २५ पासून गर्भाशयमुखाची आणि ५० पासून स्तनांची तपासणी असते, आणि ५० नंतर सगळ्यांना शौचाचा नमुना पाठवायची डबी घरी येते. ती डबी किळस वाटून कपाटावर ठेवून देणारे आपल्यात खूप आहेत.

आई-बाबा राहायला आले की

पाहुणे म्हणून आलेल्यांनाही जीपीकडे जाता येतं. २४ तासांहून जास्त आणि तीन महिन्यांहून कमी राहणार असतील तर तात्पुरती नोंदणी, त्याहून जास्त राहणार असतील तर कायमची. सल्ला मोफत. इस्पितळाचं तसं नाही. अपघात विभागातले उपचार फुकट असले तरी पुढे दाखल केलं की पाहुण्यांना खर्चाच्या दीडपट बिल लागतं, आणि ५०० पाउंडांहून जास्त थकलं तर पुढच्या व्हिसाला अडचण येते. म्हणून आधीच्या आजारांसकट काढलेला प्रवासी विमा आणि पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या, हे विमानात बसण्यापूर्वीच झालेलं हवं.

गावी जाताना

भारतात जाताना लस घ्यायची हे आपल्याला हास्यास्पद वाटतं. पण इथे जन्मलेल्या मुलांच्या पोटाने कोल्हापूर-नागपूरचं पाणी पाहिलेलं नसतं. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लशी एनएचएसमध्ये मोफत आहेत, रेबीजची बहुधा विकत घ्यावी लागते. सहा-आठ आठवडे आधी सर्जरीत विचारा. तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर सर्जरी तेवढ्या काळाच्या गोळ्या देत नाही आणि यादीतून नावही काढू शकते. परतल्यावर पुन्हा नोंदवावं लागेल.

बिनसलं तर

तक्रार आधी सर्जरीच्या प्रॅक्टिस मॅनेजरकडे, लेखी, तारखांसह. तिथे करायची नसेल तर भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, म्हणजे त्या भागाची एनएचएस सेवा पाहणाऱ्या मंडळाकडे. उत्तराने समाधान झालं नाही तर ओम्बड्समन, म्हणजे तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणारा अधिकारी, आहे. तक्रार केली म्हणून यादीतून काढता येत नाही. सर्जरी बदलायला कारण लागत नाही, जुन्या सर्जरीला सांगावंही लागत नाही. नव्या ठिकाणी नाव घातलं की नोंदी मागोमाग जातात. घर बदललं तरी हेच करायचं, फक्त चालू गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आधीच मागवून ठेवा.